पावणेतीन लिटरची गाडी

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण 9 युनिट ऊर्जा मोकळी होते. टियागो ईव्हीची मोठी बॅटरी 24 युनिटची. म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या त्या अवजड पेटीत मावतं जेमतेम पावणेतीन लिटर पेट्रोलइतकं बळ! आणि तेवढ्यावर ती शहरात 200 किलोमीटरच्या आसपास धावते. पेट्रोलची गाडी तेवढ्यात चाळीस-पंचेचाळिशीतच दमली असती.

मग पेट्रोलमधलं बाकीचं जातं कुठे? रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत. इंजिन ही मुळात शेगडीच. शहरी रहदारीत तिची पाऊण ऊर्जा नुसती तापण्यात जाते. मोटर मात्र आलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास कामी लावते. वर आणखी गंमत म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकंच मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते आणि डॅशबोर्डवरचा चार्जचा आकडा चक्क वाढू लागतो. उतारावर टाकी भरणारं पेट्रोल इंजिन कुणी पाहिलंय?

भरण्याच्या बाबतीत मात्र पेट्रोलला तोड नाही. पंपावरच्या नळीतून मिनिटाला 35 लिटर आलं, तर ती 300 युनिटांहून जास्त ऊर्जा झाली. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला येतात तीन-सव्वातीन युनिट. रात्रभर गाडी उभी राहणार असेल तर बिघडत नाही. सलग लांबच्या प्रवासात मात्र हे जाणवतं.

आता खिशाचं. युनिट 10 रुपये धरा. चार्जिंगमधली गळती धरूनही 200 किलोमीटरला पावणेतीनशे रुपये. पेट्रोलला बाराशे-तेराशे. किलोमीटरमागे पाच रुपये वाचले. जीएसटी ईव्हीवर 5 टक्के आणि छोट्या पेट्रोल गाडीवर 18, तरीही बॅटरीपायी ईव्ही महागच पडते. समजा, अडीच लाख जास्त मोजले. ते 50 हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. घरच्याच मीटरवर 300 युनिटांचा स्लॅब ओलांडलात, तर आणखी उशिरा.

तेव्हा महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याने ईव्ही जरूर घ्यावी. रविवारीच गाडी काढणाऱ्याने हौस म्हणून घ्यावी, बचत म्हणून नव्हे. आणि सोसायटीत पार्किंगशेजारी प्लग नसेल, तर शोरूमच्या आधी सेक्रेटरींना गाठा.