सेल्फ फिरतोय, पण गाडी घेत नाही

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे केलाय. घनसावंगीकडच्या एका श्रोत्याने पाठवली होती. घरी एमएच २१ पासिंगची जुनी पेट्रोल ओम्नी, कार्बोरेटरवाली. मोसंबीचे क्रेट तिच्यातूनच जालन्याच्या मार्केटला जातात. सकाळी सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरतं, पण पकडत नाही. एका गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल." तेवढ्यात भंगारवालाही भाव सांगून गेला. जालन्यात भंगाराला गिऱ्हाइकाची कमी नाही, एवढ्या स्टील मिल आहेत आपल्याकडे.

तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. काल नीट चाललेली गाडी आज चालू होत नसेल, तर इंजिन खोलायची वेळ सहसा आलेली नसते. रिंगा, बोअर एका रात्रीत जात नाहीत. त्याआधी कित्येक महिने गाडी ऑइल पिते, निळा धूर सोडते, चढाला दम टाकते. यातलं काहीच नसेल तर बिघाड बहुतेक वेळा बाहेरच असतो.

आता आवाज ऐका. नुसतं 'कट कट' होत असेल तर तो बॅटरीचा किंवा स्टार्टरचा विषय, आजचा नाही. 'खर्र-खर्र-खर्र' असा एकसारखा आवाज येतोय, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर आपलं काम करतायत. पण फिरणं जड, संथ वाटत असेल तर बॅटरी आधी चार्ज करा, कारण कमजोर बॅटरी इंजिन फिरवते आणि प्लगला मात्र करंट कमी पडतो. आणि सेल्फ मारत बसू नका. एका वेळी दहा सेकंद पुरे, मग अर्धा मिनिट थांबा. नाहीतर स्टार्टर तापतो, बॅटरी बसते, आणि एका बिघाडाचे तीन होतात.

गाडीला एलपीजी किट असेल तर सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचं बटण बघा. टाकीत गॅस नाही आणि बटण गॅसवर, असं लई वेळा होतं. गॅसचा वास येत असेल तर पुढचं काहीच करू नका, दारं उघडी टाका आणि मेकॅनिकला बोलवा.

आता करंट. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की समोर दिसतं. वायरींना हात लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. तीन सिलिंडरच्या या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे, वायरी उलट-सुलट बसल्या तर चांगली गाडीसुद्धा चालू होणार नाही. मग एका प्लगची वायर काढा, तिला जादा प्लग लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, जोराचा झटका बसतो. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळट, मरगळलेली किंवा अजिबात नाही, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर कॅप, या वाटेने शोध घ्यायचा.

आपल्या श्रोत्याचं उत्तर इथंच सापडलं. मी त्याला एकच विचारलं, दुपारी गाडी चालू होते का? तो म्हणाला, होते ना, ऊन चढल्यावर होते! गाडी रात्रभर उघड्यावर, पावसाळ्याचे दिवस. कॅप काढून आत टॉर्च मारली तर केसासारखी काळी रेघ दिसली. ओल आली की करंट प्लगकडे न जाता त्या रेघेतून पळायचा. कॅप आणि वायरी बदलल्या, इंजिनाला पाना लागला नाही.

करंट आहे आणि तरी घेत नाही, तर पेट्रोल बघा. चावी बंद ठेवा. कार्बोरेटरवरचा एअर फिल्टरचा पाइप काढून आत बघत एक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. नाही उडाली तर पेट्रोल तिथवर पोचत नाहीये. (काट्यावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीत काटा खोटं बोलतो.) या गाड्यांत मेकॅनिकल पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. म्हणून पंपाआधीच्या पाइपला चीर पडली तर थेंबही गळताना दिसत नाही, पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते कार्बोरेटरच्या जमान्यातल्या रबराला मानवत नाही, आणि ते पाणीही ओढून घेतं. गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघा. तळाला वेगळा थर दिसला तर ती टाकी रिकामी करायची.

उलटही होतं. पेट्रोलचा उग्र वास, प्लग ओले, म्हणजे ओव्हरफ्लो. चोक बंद करा, एक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा.

टायमिंग बेल्टची खूण वेगळीच. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भराभर फिरतं. डिस्ट्रिब्युटर कॅप काढून सेल्फ मारून बघा. आतला रोटर फिरला नाही तर बेल्ट तुटला असं समजा, कारण रोटर आणि पेट्रोल पंप दोन्ही कॅमशाफ्टवर चालतात. मग करंट आणि पेट्रोल एकदमच गायब होतात. इथं हात थांबवा, बेल्ट बसवणं मेकॅनिकचं काम.

मंठा आणि परतूरहून डिझेल जीपबद्दल विचारलंय, तिथं प्लगचा करंट हा विषयच नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, हीटर प्लग तपासा. धूरच नाही, तर स्टॉप केबल अडकली असेल किंवा डिझेल संपून लाइनमध्ये हवा धरली असेल. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे जाऊन नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळा.

मेकॅनिककडे जाताना सेल्फचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, आणि करंट आहे-नाही, पेट्रोल आहे-नाही एवढं त्याला सांगा. पुढच्या भागात कार्बोरेटर साफ करू, तोवर तुमच्या गाड्यांचे आवाज पाठवत राहा.