सडपातळ टायरचा हिवाळा

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीपाशी वाका आणि टायरच्या कडेवर उठावात छापलेले आकडे वाचा. छोट्या गाडीवर 165/80 आर14 असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये आहे, ती टायरची रुंदी. दुसरा टक्क्यांत. टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या 80 टक्के, असा त्याचा अर्थ. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. आणि शेवटचा 14 हा रिमचा व्यास, तोही चक्क इंचांत! मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना क्वचितच सापडतील.

हा गोंधळ मिटवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने 1975 मध्ये टीआरएक्स नावाचे टायर आणले. त्यांच्या रिमचं माप मिलिमीटरमध्ये होतं, उदाहरणार्थ 390. इंचांत ते भरतं 15.35, म्हणजे ना 15 ना 16. साहजिकच इतर कुठलाही टायर त्या रिमवर बसेना. पद्धत मागे पडली, गाड्या मात्र उरल्या. आज त्या जपणाऱ्या हौशी लोकांना जुन्या गाड्यांसाठी थोड्या प्रमाणात बनणाऱ्या टायरांवर भिस्त ठेवावी लागते. वेगळ्या मापाची किंमत अशी मोजावी लागते.

याच जातीचं अलीकडचं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूची आय3. जर्मनीतल्या लाइपझिगच्या कारखान्यात 2013 पासून तयार होऊ लागलेली ही छोटी विजेची गाडी. तिच्या टायरवर आकडे आहेत 155/70 आर19. रुंदी आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकची आणि रिम दांडग्या एसयूव्हीची! हिशेब करून पाहा. 155 चे 70 टक्के म्हणजे 108.5 मिलिमीटर. वर आणि खाली मिळून 217. त्यात 19 इंचांचे 482.6 मिळवले की चाकाचा व्यास येतो जवळपास 70 सेंटिमीटर. बैलगाडीच्या चाकासारखं उंच आणि अरुंद.

ही काही नुसती दिसण्याची हौस नव्हती. टायर फिरताना जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि वर जाताना पुन्हा ताठ होतो. या सततच्या दबण्या-उलगडण्यात रबर तापतं आणि बॅटरीतली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. चाकाचा घेर मोठा केला की रबराला कमी वाकावं लागतं. टायर अरुंद केला की समोरून येणाऱ्या हवेलाही कमी अडथळा होतो. ब्रिजस्टोन कंपनीने नेमकं हेच केलं आणि या रचनेला ‘ओलॉजिक’ असं नाव दिलं. एका चार्जमध्ये चार किलोमीटर जास्त जायचे, तर टायरसुद्धा नव्याने घडवावा लागतो.

आणि आता हिवाळा येतो.

तापमान साधारण सात अंशांच्या खाली उतरलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत ते शिरत नाही, मग पकड सुटते. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहील असं केलेलं असतं. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. टायर टेकला की त्या किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला धरते. याहून गमतीची गोष्ट खोल खाचांची. उन्हाळी टायरच्या खाचांनी पाणी बाहेर फेकावं अशी अपेक्षा असते, हिवाळी टायरच्या खाचांना मात्र बर्फ धरून ठेवावा लागतो. कारण बर्फाला रबरापेक्षा बर्फच चांगला धरतो.

इथे आय3 च्या अरुंद टायरचा आणखी एक गुण दिसतो. गाडीचं वजन सुमारे 1,200 किलो, म्हणजे एका चाकावर साधारण 300. टायरमध्ये हवा 2.3 बार असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने 130 चौरस सेंटिमीटर भरतो. तो वजनावर आणि हवेच्या दाबावर ठरतो, रुंदीवर फारसा नाही. रुंदी कमी झाली की तोच भाग लांबट होतो. अरुंद टायरला पुढचा भुसभुशीत बर्फ आणि चिखलाळलेलं पाणी कमी रुंदीत बाजूला सारावं लागतं, म्हणून तो खालच्या टणक थरापर्यंत लवकर पोचतो. कोरड्या रस्त्यावर किंवा काचेसारख्या गोठलेल्या थरावर हा फायदा तसाच मिळेल असं नाही. पण ओल्या, साचलेल्या बर्फात तो नक्की जाणवतो. वीज वाचवण्यासाठी घेतलेला आकार बर्फातही कामाला येतो!

मग अडचण कुठे? अडचण साच्यात आहे. टायर शेवटी धातूच्या साच्यात, उष्णतेने आणि दाबाने पक्का होतो. त्या बारीक चिरा उमटाव्यात म्हणून साच्यात पोलादाची पातळ पाती एकेक करून बसवलेली असतात. प्रत्येक मापाला वेगळा साचा, वेगळ्या चाचण्या, वेगळी मान्यता. एखादं माप डझनभर गाड्यांना चालत असेल, तर हा खर्च सहज निघतो. 155/70 आर19 मात्र जवळजवळ एकट्या आय3 साठी. त्यामुळे या मापाच्या हिवाळी टायरांची नावं घ्यायची तर ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक एलएम-500 आणि फिनलंडच्या नोकियानचा हाकापेलिट्टा, एवढीच पटकन आठवतात. नोकियानच्या पूर्वज कंपनीने 1934 मध्येच मालमोटारींसाठी हिवाळी टायर काढला होता.

एलएम-500 वर पुढे 84क्यू असंही छापलेलं असतं. 84 म्हणजे एका टायरवर 500 किलो भार चालेल, क्यू म्हणजे ताशी 160 किलोमीटरपर्यंत वेग. वेगवान गाड्यांच्या देशात क्यू अगदी साधा वाटेल, पण आय3 चा मूळ कमाल वेगच 150 आहे. म्हणजे तिथेही हिशेब चोख.

दुसरं माप बसवून मोकळं व्हावं, असं वाटेल. पण रिम लहान घेतलं तर ते ब्रेकवर बसायला हवं. एकूण व्यास बदलला तर वेगदर्शक चुकीचं दाखवणार. शिवाय जर्मनीत त्या गाडीला मंजूर असलेली मापंच चालतात. बर्फ किंवा गोठलेल्या रस्त्यावर तिथे हिवाळी टायर सक्तीचे आहेत, नसले तर 60 युरो दंड आणि परवान्याच्या नोंदीत एक गुण. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर थेट तारखाच ठरलेल्या आहेत, 1 डिसेंबर ते 15 मार्च.

म्हणून शहाणे मालक हिवाळी टायर वेगळ्या रिमवर कायमचे चढवून ठेवतात. ऑक्टोबरात गॅरेजमध्ये उन्हाळी चाकं उतरतात, कारागीर आतल्या बाजूला खडूने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ अशा अर्थाची दोन अक्षरं लिहितो, आणि वसंतापर्यंत ती चाकं गोदामात जाऊन बसतात.

आय3 चं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. सुमारे अडीच लाख गाड्या तयार झाल्या. जोवर त्या पुरेशा संख्येने रस्त्यावर आहेत, तोवर साचा चालवणं परवडेल, पुढचं सांगता येत नाही. तेव्हा जर्मनी, कॅनडा किंवा कुठल्याही बर्फाळ देशात राहून जुनी वेगळ्या धाटणीची गाडी घेणार असाल, तर आधी टायरचं माप लिहून घ्या. त्या मापाचे चार हिवाळी टायर बाजारात आहेत का, ते पाहा. सोबत मिळणाऱ्या टायरवरचे तारखेचे चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. गाडीची किंमत विचारायची ती त्यानंतरच.