मॉनिटर ध्वनिक्षेपक : मापन व तुलना

ध्वनिमुद्रण करताना, तसेच मुद्रित ध्वनीचे संपादन व मिश्रण करताना त्यातील गुणदोष पारखण्यासाठी जो ध्वनिक्षेपक वापरतात, त्यास मॉनिटर ध्वनिक्षेपक म्हणतात. घरगुती ध्वनिक्षेपकाने ऐकणाऱ्यास संतोष द्यावा, एवढीच अपेक्षा असते. मॉनिटर ध्वनिक्षेपकाने मात्र मुद्रणात जे आहे तेच, त्यात भर वा काट न करता, ऐकवावे लागते. त्याचा स्वतःचा दोष मुद्रणात उलट्या स्वरूपात उतरतो. उदा., एखादा ध्वनिक्षेपक ३ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनी क्षीण करीत असेल, तर संपादक नकळत तो भाग वाढवितो. मग तेच मुद्रण गावातील कर्ण्यावर कर्कश वाटते, कारण कर्णा नेमका मधल्या कंप्रतांचाच ध्वनी जोराने फेकतो.

मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. कीर्तन, भजन, भारूड, जात्यावरील ओव्या अशी मौखिक परंपरा तेथे जिवंत आहे आणि तिचे मुद्रण पुष्कळदा घरातील एका खोलीत, संगणक आणि ध्वनिक्षेपकांची एक जोडी एवढ्याच साधनांवर संपादित होते. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनात माजलगाव येथील भीमनगरातील गायिकांच्या ओव्यांचे १९९६ मध्ये ध्वनिमुद्रण झाले. अशी मुद्रणे पुन्हा करता येतीलच असे नसते. जात्याची घरघर कोणती आणि खोलीचा घुमारा कोणता, हे संपादकास ऐकू आले नाही, तर घुमारा समजून तो जात्याचा आवाज आणि त्यासोबत गळ्याचा खर्जही कापून टाकण्याचा संभव असतो. शिवाय लहान शहरांत अनेक ध्वनिक्षेपक शेजारी ठेवून ऐकण्याची सोय क्वचितच असते. अशा वेळी समान पद्धतीने केलेली मापने हाच निवडीचा सर्वांत भरवशाचा आधार ठरतो.

इतिहास : मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत भिंतीत बसविलेले अवजड ध्वनिक्षेपक पूर्वीपासून वापरात होते. १९७० नंतरच्या दशकात लहान ध्वनिक्षेपक जवळून ऐकण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनच्या बीबीसी या नभोवाणी संस्थेने बाह्यध्वनिक्षेपणाच्या गाडीसारख्या अपुऱ्या जागेसाठी एलएस ३/५ए हा छोटा मॉनिटर याच काळात विकसित केला. १९७८ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने एनएस-१० हा घरगुती ध्वनिक्षेपक बाजारात आणला. घरगुती वापरात त्यास विशेष यश लाभले नाही, तरी पुढे तो जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत मॉनिटर म्हणून प्रसिद्धीस आला. त्याचा प्रतिसाद सपाट नव्हता. तथापि साउथॅम्प्टन विद्यापीठात २००१ च्या सुमारास झालेल्या तुलनात्मक मापनांत, संदेश थांबताच त्याचा ध्वनीही, विशेषतः खालच्या कंप्रतांत, लवकर विरतो असे आढळले. तज्ञांच्या पसंतीमागे मोजता येण्याजोगे कारण असते, हे यावरून दिसते. फिनलंडमध्ये १९७८ मध्ये स्थापन झालेल्या जेनेलेक कंपनीने विवर्धक पेटीतच बसविलेल्या मॉनिटरांचा प्रसार केला. आज कमी किमतीच्या मॉनिटरांतही हीच रचना आढळते.

रचना : सामान्यतः अशा मॉनिटरात १० ते २० सेंमी. व्यासाचा शंकू असलेला वूफर खालच्या व मधल्या कंप्रतांसाठी आणि सु. २.५ सेंमी. व्यासाची घुमटाकार पटले असलेला ट्वीटर वरच्या कंप्रतांसाठी असतो. क्रॉसओव्हर मंडल संदेशाची त्या दोहोंत विभागणी करते. बहुतेक नमुन्यांत दोन्ही घटकांना स्वतंत्र विवर्धक असतात. पेटीस ठेवलेले छिद्र खालच्या कंप्रतांस अनुस्पंदनाने आधार देते. मात्र त्या छिद्राच्या मेळाच्या कंप्रतेखाली ध्वनी झपाट्याने उतरतो. काही नमुन्यांत ट्वीटरभोवती उथळ कर्ण्यासारखी खोबण असते. ती वरच्या कंप्रतांचा फैलाव आवरते व तो वूफरच्या फैलावाशी जुळवून घेते.

मोजावयाच्या राशी : (१) कंप्रता प्रतिसाद : सर्व कंप्रतांचा सारख्याच तीव्रतेचा संदेश दिला असता बाहेर पडणाऱ्या ध्वनीची पातळी कंप्रतेनुसार कशी बदलते, हे त्याचा आलेख दाखवितो. आलेख जितका सपाट तितका ध्वनिक्षेपक प्रामाणिक. निर्माते देतात ती कंप्रतांची श्रेणी मात्र नुसती वाचून उपयोग नाही. यामाहाच्या एचएस ५ या मॉनिटराची श्रेणी −१० डेसिबल मर्यादेस ५४ हर्ट्‌झ ते ३० किलोहर्ट्‌झ, तर −३ डेसिबल मर्यादेस ७४ हर्ट्‌झ ते २४ किलोहर्ट्‌झ अशी दिलेली आहे. यंत्र एकच, पण मर्यादा बदलताच आकडे बदलतात. त्यामुळे एका निर्मात्याचा पहिला आकडा दुसऱ्याच्या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहणे फसवे ठरते.

(२) दिशानुसार प्रतिसाद : ऐकणाऱ्याकडे थेट ध्वनी येतो, तसाच भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित झालेलाही येतो. म्हणून समोरून घेतलेला एकच आलेख पुरत नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी केलेले व १९८५−८६ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग या विषयात पायाभूत मानतात. समोरचा प्रतिसाद सपाट आणि बाजूंचा प्रतिसाद त्याच्याशी सुसंगतपणे, सावकाश उतरत जाणारा असेल, तर असा ध्वनिक्षेपक पडद्याआडून ऐकतानाही बहुसंख्य श्रोते पसंत करतात, असे त्यांतून दिसून आले. पुढे शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० ध्वनिक्षेपकांच्या मापनांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे पूर्वानुमान करणारे सूत्र मांडले. अनुमान व प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध गुणांक ०.८६ इतका आला. याच विचाराने तयार झालेल्या अमेरिकी मानकानुसार ध्वनिक्षेपकाभोवती आडव्या व उभ्या वर्तुळांत दर १० अंशांवर मिळून ७० मापने घेतात आणि त्यांच्या सरासऱ्यांचे मोजके वक्र एकाच आलेखावर काढतात.

(३) विरूपण : संदेशात नसलेल्या, मूळ कंप्रतेच्या पटीतील कंप्रता ध्वनिक्षेपकाने स्वतः निर्माण करणे म्हणजे विरूपण. लहान वूफरमध्ये ते खालच्या कंप्रतांत व मोठ्या आवाजात वेगाने वाढते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा ठोका मोठ्याने ऐकविताना लहान मॉनिटर थकतो तो यामुळेच. म्हणून हे मापन किमान दोन पातळ्यांवर, उदा., १ मी. अंतरावर ८६ व ९६ डेसिबलला, घ्यावे लागते. (४) स्वतःचा गोंगाट : संदेश नसताना ट्वीटरमधून येणारी सूं किंवा हम्म ही रात्रीच्या शांततेत, जवळ बसून काम करणाऱ्यास जाणवते. भूयोजन सदोष असेल, तर संगणकाशी जोडल्यावर ती वाढते. संतुलित जोडणीने ती बरीच कमी होते.

मापनपद्धती : प्रतिध्वनिरहित कक्ष खर्चिक असल्यामुळे सामान्य अभ्यासकास इतर मार्ग अवलंबावे लागतात. अंशशोधन केलेला मापन-मायक्रोफोन, संगणक व त्यावर चालणारी विनामूल्य आज्ञावली एवढ्या साहित्यावर उपयुक्त मापन होऊ शकते. ध्वनिक्षेपकास चढत्या कंप्रतेचा संदेश देऊन आलेल्या ध्वनीवरून त्याचा आवेग-प्रतिसाद काढतात आणि पहिले परावर्तन येण्यापूर्वीचा भागच हिशेबात घेतात. ३ मी. उंच खोलीत ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन जमिनीपासून १.५ मी. उंचीवर, एकमेकांपासून १ मी. अंतरावर ठेवले आणि भिंती त्याहून दूर असल्या, तर परावर्तित ध्वनीस सु. २.१६ मी. जास्त अंतर कापावे लागते, म्हणजे तो सु. ६.३ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्या अवधीत सु. १६० हर्ट्‌झच्या खालची माहिती मिळू शकत नाही.

ही उणीव दोन प्रकारे भरून निघते. डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार मायक्रोफोन वूफरच्या शंकूस जवळजवळ टेकवून खालच्या कंप्रतांचा प्रतिसाद स्वतंत्र मोजतात. छिद्राचा प्रतिसादही तसाच घेऊन तो योग्य प्रमाणात त्यात मिळवितात. दुसरा मार्ग मोकळ्या जागेचा. बालाघाटच्या पठारावर वाराही नाही आणि वर्दळही नाही अशा पहाटे, ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन ३ मी. उंचीवर उभारले, तर परावर्तनास सु. १४.८ सहस्रांश सेकंद लागतात आणि मापनाची मर्यादा ७० हर्ट्‌झच्या जवळ उतरते. वस्तीपासून दूर असलेले उघडे रान अशा वेळी महागड्या कक्षाची बरीचशी उणीव भरून काढते.

खोलीचा परिणाम : सु. ३०० हर्ट्‌झच्या खाली ऐकू येणाऱ्या ध्वनीवर ध्वनिक्षेपकापेक्षा खोलीची सत्ता अधिक चालते. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच ही नेहमीची खोली घेतल्यास लांबीची स्थिर तरंग सु. ४७ हर्ट्‌झला येते, तर रुंदी व उंची समान असल्याने त्या दोहोंच्या तरंगा सु. ५६ हर्ट्‌झला एकमेकींवर पडून तेथील घुमारा वाढवितात. हे आकडे २० अंश से. तापमानाचे, म्हणजे ध्वनिवेग सेकंदास ३४३ मी. असतानाचे आहेत. बीडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की ध्वनिवेग सु. ३५५ मी. होतो आणि सर्व घुमारे सु. ३.४ टक्क्यांनी वर सरकतात. हिवाळ्यात बसविलेली अरुंद दुरुस्ती उन्हाळ्यात किंचित चुकते, ती याच कारणाने.

शहाबादी फरशी, गिलाव्याच्या भिंती व स्लॅबचे छत असलेल्या खोलीत गोधड्या टांगण्याची रीत आहे. त्यांनी वरच्या कंप्रता शोषल्या जातात, पण ५६ हर्ट्‌झची तरंगलांबी सु. ६ मी. असल्याने पातळ गोधडीचा तिच्यावर परिणाम होत नाही. उलट वरचा ध्वनी दबल्यामुळे खालचा घुमारा अधिकच ठळक होतो. कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या रचणे त्याहून बरे. ध्वनिक्षेपकाच्या जागेलाही महत्त्व आहे. त्याचा दर्शनी भाग मागील भिंतीपासून ८५ सेंमी. वर असेल, तर परावर्तित ध्वनी सु. १०० हर्ट्‌झला मूळ ध्वनीस मारक ठरतो व तेथे खड्डा पडतो. तो भिंतीलगत ठेवून वाढलेला खर्ज मागील बाजूच्या कळीने कमी करणे लहान खोलीत बहुधा हितावह असते. पेटी उभीच ठेवावी व ट्वीटर कानाच्या पातळीत असावा. आडवी ठेवल्यास डोके थोडे हलताच दोन घटकांच्या ध्वनीतील व्यतिकरण बदलते.

तुलना : दोन मॉनिटरांची तुलना करताना खोली, जागा, मायक्रोफोन, अंतर आणि आलेखाची उभी मोजपट्टी या सर्व गोष्टी एकच असाव्या लागतात. मोजपट्टी ताणून किंवा आलेख अतिगुळगुळीत करून सामान्य यंत्रही निर्दोष भासविता येते. कानाने तुलना करताना दोन्हींची पातळी आधी मोजून समान करावी, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ध्वनी अधिक चांगला वाटू शकतो. कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नसावे. नाव व आकार पाहून मत बदलते, हे टूल व ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रयोगाने दाखविले आहे. चाचणीसाठी ओळखीच्या व्यक्तीचे बोलणे, टाळ-पखवाजासह भजन व एकटा गळा असे तीन प्रकारचे मुद्रण पुरेसे होते.

आधुनिक संगणकीय मंडलांमुळे आता कमी किमतीच्या कित्येक मॉनिटरांचा मधल्या व वरच्या कंप्रतांतील प्रतिसाद महागड्या यंत्रांच्या तोडीस येतो. जास्त किमतीत मुख्यतः अधिक खोल खर्ज, अधिक आवाजाची क्षमता, कमी विरूपण व जोडीतील दोन ध्वनिक्षेपकांचे एकसारखेपण मिळते. लहान खोलीत, कानापासून मीटरभर अंतरावर, बेताच्या आवाजात काम करणाऱ्यास यांपैकी पहिल्या तीन गुणांची निकड कमी असते. याउलट एकसारखेपण प्रत्येकास लागते, म्हणून जोडीतील दोन्ही ध्वनिक्षेपक मोजून पाहावेत. त्यांत मोठा फरक आढळल्यास जोडी परत करणे श्रेयस्कर.

मापनालाही मर्यादा आहेत. एका नमुन्याचे मापन त्या जातीच्या प्रत्येक यंत्रास लागू पडेलच असे नाही. टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय व कमी-अधिक होणारा वीजदाब सोसण्याची शक्ती आलेखात दिसत नाही. तरीही संपादकास आपल्या ध्वनिक्षेपकाचे व खोलीचे दोष आकड्यांनी ठाऊक असले, तर ते वजा करून ऐकण्याचा सराव त्याच्या कानास होतो. काटेकोरपणे मोजलेला स्वस्त मॉनिटर म्हणूनच न मोजलेल्या महागड्या मॉनिटरापेक्षा अधिक विश्वासार्ह साधन ठरू शकतो.