गुडघेरोपणाच्या छेदमार्गांचा मागोवा

गुडघेरोपणात झिजलेल्या सांध्यापर्यंत पोचण्यासाठी वाटी बाजूला सारावी लागते. ती सारताना मांडीचा पुढचा स्नायू किती दुखवावा, हाच छेदमार्गांमधला जुना वाद आहे.

१८७०च्या दशकात जर्मनीच्या लांगेनबेक यांनी वाटीच्या आतल्या कडेने, वर स्नायूच्या कंडरेपर्यंत जाणारा छेद वर्णिला. न्यूयॉर्कचे जॉन इन्सॉल यांनी १९७०च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. त्यांच्याबरोबर टोटल कॉन्डायलर हा कृत्रिम सांधा घडवणाऱ्यांत चित्तरंजन राणावत होते. ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा त्यांनीच बदलला, आणि ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाली.

कंडरा न कापणारा सबव्हास्टस मार्ग एर्केस यांनी १९२९मध्ये मांडला होता. १९९१मध्ये हॉफमन यांनी तो पुन्हा वापरात आणला. यात मांडीचा आतल्या बाजूचा स्नायू खालून अख्खा उचलतात. एंग यांच्या मिडव्हास्टस मार्गात त्याच स्नायूचे तंतू विलग करून वाट काढतात. आतल्या बाजूला वाकलेल्या गुडघ्यासाठी केब्लिश यांचा बाहेरच्या बाजूचा मार्ग आहे. २०००नंतर लहान छेदाची लाट आली. स्नायू वाचवला की पहिल्या काही आठवड्यांत पाय सरळ उचलणे लवकर जमते, हे खरे. पण काही महिन्यांनी फरक जवळजवळ उरत नाही. सांधा नेमका बसणे छेदाच्या लांबीपेक्षा केव्हाही महत्त्वाचे.

सोलापुरात ही तुलना वेगळ्या अंगाने पाहावी लागते. दिवसभर जमिनीवर बसून विड्या वळणारी, रोजावर पोट असलेली बाई दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढते. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत सरासरी दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपयांवर आणली. अशा घरांना या निर्णयाने दिलेला आधार कोणत्याही नव्या छेदापेक्षा मोठा आहे.

उशिरा दाखवलेला गुडघा मात्र बऱ्याचदा धनुष्यासारखा वाकलेला आणि आखडलेला असतो. अशा गुडघ्यात सबव्हास्टसने वाटी पुरेशी सरकत नाही. बळजबरी केली तर वाटीखालची कंडरा नडगीच्या हाडावरून उपटण्याचा धोका असतो. तिथे इन्सॉल यांचा मार्गच हाताशी ठेवणे शहाणपणाचे, कारण तो वाढवता येतो. जागा कमी पडली तर मांडीच्या स्नायूच्या कंडरेच्या वरच्या टोकाला तिरका काप देतात. तो नीट शिवला की नंतरच्या व्यायामाचा क्रम सहसा बदलावा लागत नाही.