उसातला बिबट्या वाट चुकलेला नसतो

सुरत जिल्ह्यात मांडवी, महुवा, बारडोलीकडे उसाच्या फडात बिबट्या दिसला की लगेच पिंजऱ्याची मागणी होते. पकडा आणि लांब जंगलात सोडा. तो जंगलातून भरकटत आला, ही समजूत त्यामागे असते. पण काकरापार आणि उकाईच्या कालव्यांनी तापीचं पाणी शिवारात आणलं, ऊस वाढला आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या या दाट पिकात बिबट्याला आडोसा मिळाला. पाणी पाटात, भक्ष्य गावात. मादी फडातच विते, म्हणून तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात. ज्याचा जन्मच उसातला, त्याला घरी पाठवायचं ते कुठे?

लांब सोडण्याचा उपाय महाराष्ट्रातल्या जुन्नर वनविभागात २००१पासून मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर १७ होऊ लागले. त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर तिथे टिकून राहीलच असं नाही. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे कळलं तरी. शिवाय रिकामा झालेला फड दुसरा बिबट्या धरतो.

मग माणसं मरू द्यायची का, हा प्रश्न रास्त आहे. माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या पकडून कायमचा बंदिस्तच ठेवायला हवा. पण नुसता दिसला म्हणून पकडणं वेगळं. तो गुराढोरांवरच जगतो हेही खरं नाही. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात त्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा फक्त ११, आणि तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्री मोकाट फिरतात. पिंजऱ्याने जे साधत नाही ते गोठ्याच्या भक्कम दाराने साधतं.

दार नाही ते ऊसतोड मजुरांना. धुळे, नंदुरबार आणि डांगातून सुरतेच्या फडांवर येणारे हे मजूर उघड्या शिवारात प्लास्टिकच्या खोपीत राहतात. तिन्हीसांजेला फडाच्या कडेला शौचाला बसलेलं मूल उंचीने शेळीएवढंच दिसतं. या मजुरांना पक्क्या खोल्या, दिवे आणि संडास द्यायची जबाबदारी त्यांना आणणाऱ्या साखर कारखान्यांची आहे, आणि ती तोडणी सुरू व्हायच्या आधी पार पडायला हवी.