तीस रोजे आणि रोजची गोळी

मगरिबची अजान झाली की दिग्रसच्या घराघरांत खजुराने रोजा सुटतो. काही घरांत दस्तरखानाजवळ गोळ्यांची एक पिशवीही ठेवलेली असते. यवतमाळ किंवा नागपूरला जाऊन अँजिओप्लास्टी करून आलेल्या माणसाची ती पिशवी. आता छातीत दुखत नाही, कामधंदाही सुरू झालेला असतो. मग मनात येते, ‘एक महिना गोळी नाही घेतली तर काय बिघडते?’

याचे उत्तर रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणाऱ्या संशोधनाने दिले आहे. उत्तर युरोपातील पाच देशांत 1988 पासून 4,444 हृदयरुग्णांचा असा अभ्यास झाला. निम्म्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारी सिमव्हास्टॅटिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी 182 जण दगावले, तर दुसऱ्या गटातील 256. पहिल्या वर्षात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. या गोळीचा गुण दिसायला सब्र लागतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचे तसे नाही. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ती थोडे दिवस बंद केली, तरी स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते.

भारतातील 14 रुग्णालयांत सुमारे 800 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेवक वर्षभर रुग्णांना भेटत, गोळ्यांची आणि तंबाखूची विचारपूस करत. ज्यांची अशी विचारपूस झाली, त्यांनी औषधे अधिक नियमाने घेतली; तंबाखू सोडणारेही त्यांच्यात जास्त निघाले.

दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुतेकदा सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. पण वेळ बदलण्याआधी आणि रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी मनाई केली, तर कुरआनने आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची सवलत दिलेलीच आहे. नवरात्राचे किंवा श्रावणाचे उपवास करणाऱ्या हृदयरुग्णांनीही गोळ्यांबाबत हाच विचार करावा.

दिवसभर रोज्यात खर्रा सुटतो. तो इफ्तारनंतरही सुटला तर हृदयाला तेवढाच आराम. आणि शेजारच्या चाचांना किंवा काकांना ‘गोळी घेतली का?’ एवढे विचारायला आरोग्यसेवकच असावे लागते, असे थोडेच आहे?