सेल्फ गेला म्हणण्याआधी

जुनी गाडी चालू झाली नाही की पहिला आळ सेल्फवर येतो. हातातला चहा संपायच्या आत निकाल लागतो, "सेल्फ गेला", आणि थोड्या वेळात ते जड नळकांडं गाडीतून निघून बाकड्यावर येतं. खरा गुन्हेगार मात्र बहुतेक वेळा गाडीतच राहतो. एखादी सैल झालेली तार, गंजलेला बोल्ट, वाळून तुटायला आलेली अर्थची पट्टी. पेट्रोलवरची जुनी ॲम्बॅसेडर, तिच्या आधीची लँडमास्टर, बेबी हिंदुस्थान या नावाने आपल्याकडे फिरलेली मॉरिस मायनर, अशा गाड्यांत बसलेला ल्युकासचा सेल्फ हे फार सोसणारं यंत्र आहे. त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

सोसण्यासाठीच तो जन्माला आला. 1912च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा सेल्फ आला, तोवर गाडी म्हणजे हँडल मारणं आणि हँडल उलटं बसलं तर मनगट मोडून घेणं. तो बनवणारे चार्ल्स केटरिंग त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी छोटी मोटर बसवली होती, आणि तिथेच मर्म सापडलं होतं: मोटर क्षणभरच चालणार असेल तर तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकता येतं. इंजिन फिरवण्याएवढी मोटर दिवसभर चालवायची म्हटली तर ती गाडीत मावली नसती. म्हणून एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावं. हा नियम मिस्त्रीच्या लहरीतून आलेला नाही, तो यंत्राच्या घडणीतच आहे.

आतली रचना साधी. फील्डची वेटोळी आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेले, म्हणजे सगळा प्रवाह दोघांतून जातो. अशा मोटरचा जोर ती थांबलेली असताना सर्वांत जास्त असतो आणि प्रवाहाची भूकही तेव्हाच सर्वांत मोठी. या रचनेची एक गंमत आहे. बॅटरी उलटी जोडली तरी सेल्फ त्याच दिशेने फिरतो, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. साठच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. अशी गाडी 'सुधारायची' ठरवणारे डायनॅमोला मुकतील कदाचित, सेल्फला नाही.

पुढे बेंडिक्स. आर्मेचरच्या दांड्यावर आट्यांची नळी, तिच्यावर पिनियन. मोटर झटक्याने फिरली की पिनियन जडत्वामुळे मागे राहतं, आट्यांवरून सरकतं आणि फ्लायव्हीलवरच्या रिंगच्या दात्यांत जाऊन बसतं. इंजिन पेटलं की रिंग पिनियनपेक्षा वेगाने धावते आणि त्याला परत फेकते.

आता तपासणी. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले, सेल्फ गप्प राहिला, तर प्रवाह तिथवर पोचतच नाही: स्विच, सोलेनॉइड किंवा जोड पाहा. दिवे मंदावले आणि सेल्फ हललाच नाही, तर एकतर बॅटरी बसली आहे, नाहीतर पिनियन अडकलं आहे, किंवा मोटर आतून धरली आहे. एका दिव्यात निम्मं निदान होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी साधा मल्टिमीटर हवा. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ फिरत असताना ती साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. बॅटरी ठीक असेल तर पुढचा प्रश्न असा, की तिचे व्होल्ट वाटेत कोण खातंय? सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असताना वाटेत एक शतांश ओहमचा अडथळा असेल, तर दीड व्होल्ट तिथेच गळतात. हा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. टर्मिनलवरची पांढुरकी बुरशी, रंगावरच आवळलेला बोल्ट, एवढं पुरतं. मीटरची एक तार बॅटरीच्या खुंटाला, दुसरी सेल्फच्या खुंटाला लावा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर ती बाजू साफ करायची. मग तेच बॅटरीचं अर्थचं टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात.

हे दुसरं मोजमाप सगळे विसरतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी लागते. गाडीचं इंजिन उतरवून पुन्हा चढवताना ती राहून जाते किंवा रंगाखाली दडते. मग प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती बहुधा चोकची केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल तापत असेल, धूर येत असेल, तर सेल्फ खोलू नका.

सेल्फ घूं घूं फिरतो पण इंजिन हलत नाही, ही तक्रार बेंडिक्सची. आट्यांवर मळ बसून पिनियन सरकत नाही. तिथे ग्रीस भरणं हा आपल्याकडचा आवडता अपराध आहे. ग्रीसला क्लचची धूळ चिकटते आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. रॉकेलने धुऊन कोरडं ठेवावं. उलट, 'खट्' असा एकच आवाज येऊन सगळं थांबलं, तर पिनियन रिंगमध्ये अडकलं आहे. सेल्फच्या मागच्या टोकाला टोपीखाली दांड्याचा चौकोनी शेंडा असतो, तो पान्याने फिरवला की सुटतं. नाहीतर इग्निशन बंद करून गाडी टॉप गियरमध्ये टाकायची आणि मागेपुढे हलवायची.

असं वारंवार होत असेल तर दाते पाहा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना फिरून फिरून त्याच दोन जागी थांबतं, कारण तिथे कुठला तरी सिलिंडर कॉम्प्रेशनवर येऊन त्याला अडवतो. त्यामुळे रिंगचे दातेही समोरासमोरच्या दोनच जागी झिजतात. नवी रिंग मिळेना तर जुनी काढून, तापवून, पाव फेरा फिरवून बसवता येते.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच सेल्फ उघडावा. आत चार कार्बन, दोन बुश. कार्बन आखूड झाले असतील तर बदलावेत. कम्युटेटर लेथवर हलका घासून घ्यावा, पण पट्ट्यांमधला मायका कोरून खोल करू नये. डायनॅमोत तो कोरतात, ल्युकासच्या सेल्फमध्ये नाही, आणि डायनॅमोवर हात बसलेले कारागीर इथे हमखास चुकतात. बुश झिजला की आर्मेचर आतल्या भिंतीला घासतं, सेल्फ जड फिरतो आणि प्रवाह दुप्पट ओढतो. नवा सच्छिद्र ब्राँझचा बुश बसवण्याआधी 24 तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो. गिऱ्हाईक बाहेर उभं असताना एवढा धीर कोण धरतो, हा भाग वेगळा.

2021 सालच्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ॲम्बॅसेडरही आता त्या मानात बसते. अशा गाडीचा जुना सेल्फ एक्स्चेंजमध्ये देऊन हलका नवा घेण्याचा मोह होईल. नवा बसवायचा तर बसवा, पण जुना देऊ नका. चार कार्बन आणि दोन बुश बदलले की तो बहुधा पुन्हा उभा राहतो.